पायगुण आणि गाळ

गाळबाबा गुडघाभर पाण्यात उतरले, तशी काठावरची गर्दी हात जोडून उभी राहिली. बाबांनी डोळे मिटले, मुठीतला अंगारा खाडीत सोडला आणि म्हणाले, "या, लेकरांनो." वर्षभर जाळ्यात न दिसलेले चपटे मासे खरोखरच तळातून सरकत त्यांच्या पायांशी आले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला मात्र प्रश्न पडला, एवढी मोठी खाडी सोडून लेकरं रोज जुन्या धक्क्याजवळच का जमतात?

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून घरात माझं कुणी ऐकत नाही.

बाबा माझ्या दादाकडे वळले. "मासे रुसलेत. तुझ्या घरात गेल्या वर्षी जे पाय आले, ते माहेरी गेले की जाळं भरेल."

दादाने घरी येऊन वहिनीची ट्रंक माळ्यावरून काढली. "थोडे दिवस राहून ये. मग बघू." या 'मग बघू'चा अर्थ तिला कळला आणि मलाही. बाबांपेक्षा मला दादाचाच जास्त राग आला.

सकाळी ओहोटीला, गर्दी जमायच्या आत, मी धक्क्यावर गेले. बाबांचे दोन शिष्य होडी काठाला लावत होते. होडीत लांब दांड्याचं दंताळं होतं आणि त्याच्या दातांना ओला गाळ.

"पाण्यात शेती करता का?" मी विचारलं.

"बाबांची सेवा," एक जण म्हणाला आणि त्याने दंताळ्यावर पोतं टाकलं.

मी पाण्यात उतरले. तळव्यांना नांगरल्यासारख्या सऱ्या लागल्या. मूठभर गाळ उचलला, तर त्यात लाल किडे वळवळत होते आणि फुटलेले शिंपले होते. मग काय ते उमगलं.

गर्दी जमली, त्यात दादा-वहिनीही आले. बाबा यायच्या आत मी वहिनीचा हात धरून तिला पाण्यात त्या सऱ्यांवरच उभं केलं. अंगारा नाही, मंत्र नाही. थोड्या वेळाने मासे तिच्या पायांशी आले.

"माझ्या कालच्या अंगाऱ्याचा प्रभाव," धापा टाकत आलेले बाबा म्हणाले.

"मग जरा पलीकडे, यंत्राने गाळ उपसलाय तिथे बोलवा."

"आज योग नाही."

मी मूठभर गाळ दादाच्या तळहातावर ठेवला. "तळाचे मासे हे खाऊन जगतात. गेल्या वर्षी यंत्राने तळ खरवडला, किडे गेले, मासेही गेले. धक्क्याजवळ यंत्र पोचलं नाही, म्हणून तिथे खाणं उरलंय. शिष्य ते रोज उकरून ठेवतात. तुझं लग्न त्याच वर्षी झालं, एवढाच वहिनीचा गुन्हा. माशाला भूक कळते दादा, पायगुण नाही."

बाबांचे शिष्य होडी ढकलू लागले होते. दादा हातातल्या किड्यांकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "चल घरी. ट्रंक वर ठेवतो."

वहिनी पाण्यातून हलली नाही.

"आज मासे आले नसते," तिने विचारलं, "तर मी गेले असते का हो?"

हात जोडण्याआधी हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, आणि मग वाकून मूठभर गाळ उचलून बघावा.