तोफेच्या आधीचं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. मोटारीतला, दोन गोल खुंट्यांचा आणि हिरव्या काचेचा. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. गाडी उभी असली तरी माझा काटा मनातल्या मनात स्टेशनं शोधत असतो. म्हातारपणी जीव शांत होतो म्हणतात. माझा होणार होता, पण मध्ये एक रमजान आला.

ज्या कारखान्यात गाडी तयार झाली, तिथेच मला तिच्यात बसवलं. तिच्या खाचेच्या मापाने माझी चौकट घडवलेली, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या गाडीत माझा निभाव लागणं कठीण. गाडी लांबुडकी, तीन ओळी सीटांची. मब्रूकच्या वडिलांनी ती घेतली आणि त्यांच्यामागे ती मब्रूककडे आली. तो इजिप्तच्या पश्चिमेकडचं समुद्राकाठचं मत्रूह ते कैरो असे प्रवासी वाहतो. मी बातम्या सांगायचो, गाणी लावायचो, फुटबॉलचे सामने ऐकवायचो. मी खरखरलो की मब्रूक माझ्या डोक्यावर थाप मारायचा. प्रेमानेच मारायचा, असं मी धरून चालतो.

पण माझं बोलणं बाहेर पडतं दारातल्या स्पीकरमधून, आणि त्याच्याकडे कुणी कधी बघितलंच नाही. त्याचा कागदी पडदा उन्हाने वाळला, समुद्राच्या दमट हवेने मऊ पडला आणि एके दिवशी फाटला. ढोल वाजला तर ऐकू यायचा, माणूस बोलला की नुसती घरघर. मब्रूक आवाज वाढवायचा, पडदा आणखी फाटायचा. बोल लावला जायचा मला.

त्या रमजानात आम्ही कैरोहून परत निघालो होतो. मधल्या ओळीत हाज्जा सत्तूता बसली होती. मत्रूहची म्हातारी, हजला जाऊन आलेली म्हणून हाज्जा, लेकीला भेटून घरी चाललेली. आजारपणामुळे मागची दोन वर्षं तिचे रोजे हुकले होते. यंदा डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून लहान लेकरासारखी कौतुकाने सगळ्यांना सांगत होती, "एकही सोडला नाही बघा."

एरवी मब्रूक कैरोच्या जवळपास असतानाच इफ्तारला थांबायचा. त्या दिवशी टायर फुटला, उशीर झाला, आणि संध्याकाळी आम्ही बरेच पश्चिमेला आलो होतो. तिथे सूर्य उशिरा बुडतो. मब्रूकला हे ठाऊक होतं, पण धुळीच्या वाऱ्याने आभाळ पिवळं झालं होतं, सूर्य दिसत नव्हता आणि भुकेने डोकं चालत नव्हतं.

निवेदक माझ्यातून सूर्यास्ताच्या अजानआधीचं रोजचं वाक्य बोलला: "ही मगरिबची अजान कैरो शहराच्या वेळेनुसार आहे. शहराबाहेरच्यांनी आपल्या वेळेतला फरक लक्षात घ्यावा." मी ते शब्दन् शब्द पुढे पाठवलं. दारातून निघाली घरघर. मग रोजा सोडायची खूण म्हणून माझ्यातून रोज वाजणारी इफ्तारची तोफ झाली, ती मात्र धडाडून ऐकू आली.

"बिस्मिल्ला," म्हणत मब्रूकने खजुराचा डबा मागे दिला. सगळ्यांनी खाल्ले, पाणी प्यायले. गाडी पुढे निघाली, वारा जरा पडला, आणि समोर रस्त्याच्या टोकाला अख्खा सूर्य दिसला.

हाज्जाने तोंडातला खजूर हातावर काढला. "गेला रे माझा रोजा," ती म्हणाली आणि रडू लागली. मी आतून ओरडत होतो की सांगितलं होतं, सांगितलं होतं. पण रेडिओला स्वतःचं काही बोलता येत नाही.

मत्रूहच्या गाडीतळावर ही बातमी आमच्या आधी पोचल्यासारखी पसरली. "मब्रूकच्या गाडीत बसा रे, रोजा लवकर सुटतो," असं बाकीचे ड्रायव्हर प्रवाशांना ओरडून सांगायचे. प्रवासी हसायचे आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. मब्रूकचा चेहरा उतरला. शेवटी त्याने गाडी बखीतच्या दुकानात नेली. बखीत लग्नाच्या गाड्यांना मोठाले स्पीकर लावून द्यायचा.

"हा डबा उपट आणि तो चकचकीत स्क्रीनवाला नवा रेडिओ बसव," मब्रूक म्हणाला. "याने माझं तोंड काळं केलं."

"उपटतो की. पण विकला जातोय का बघू दे आधी."

त्याने मला बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं आणि दुकानातल्या स्पीकरला जोडलं. माझ्या जागी उरलेलं काळं भोक मला तिथून दिसत होतं. तेवढ्यात मगरिबची वेळ झाली आणि निवेदकाचं ते वाक्य दुकानात लख्ख ऐकू आलं. मग तोफ झाली. दारातून ऊन अजून आत येत होतं. दोघांनीही पाण्याला हात लावला नाही.

मब्रूक स्टुलावर बसला. "हे तो त्या दिवशीही बोलला असेल?"

"रोज बोलतो, उस्ताद. तू कधी ऐकलंस? तुझ्या दारात स्पीकर नाही, चिंधी आहे."

"मग याला परत बसव."

"आणि चकचकीत?"

"चकचकीत तुझ्या सासऱ्याला लाव."

बखीतने दारांत नवे स्पीकर घातले. सीटखाली एक चपटा अ‍ॅम्प्लिफायर दडवला आणि माझ्या स्पीकरच्या तारांतूनच आवाज उचलून त्याला दिला. माझ्या तोंडावर साधा ओरखडाही पडला नाही. मला पुन्हा माझ्या खाचेत सरकवलं, तेव्हा मला रडूच आलं असतं.

ईद जवळ आली. हाज्जाला पुन्हा लेकीकडे जाऊन यायचं होतं. मब्रूक तिच्या दारात गेला.

"तुझ्या गाडीत? आणखी एक रोजा बुडवतोस का माझा?"

"हाज्जा, एकदा बसा. नाही पटलं तर वाटेत दुसरी गाडी करून देतो."

हाज्जा तयार झाली. परतताना तोच रस्ता, तीच वेळ, तसाच पिवळा वारा. सगळ्यांच्या हातात खजूर होते. मी जीव मुठीत धरून ते वाक्य पुढे पाठवलं. तोफ झाली. मागून एक तरुण खजूर तोंडाशी नेऊ लागला.

"थांब," हाज्जा म्हणाली, "तो काय म्हणाला, ऐकलं नाहीस का?"

मित्रांनो, एखादं जुनं चालेनासं वाटलं, तर ते उपटण्याआधी त्याचा आवाज कुठे अडतोय एवढं बघा. माझी एवढीच विनवणी आहे.

धुळीपलीकडे सूर्य बुडायचा होता. हाज्जा खजूर मुठीत धरून बसून राहिली, आणि गाडीभर सगळ्यांनी माझ्याकडे कान लावले होते.