आरसा आणि त्याचे कपडे

किती वेळा सांगायचं माणसाला! गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

कारखान्यात साचे बनवायची टूलरूम माझ्या ताब्यात, आणि तिथे पॉलिशला कोण? तर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. सगळे त्याला 'आरसा' म्हणतात, कारण त्याने घासलेल्या साच्यात बघून खुशाल भांग पाडावा. साचे बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचे. नुसता ठोकळा उशाशी घेऊन झोपलात तरी काही होत नाही. पण कोरडा घासला की जी बारीक धूळ उडते, ती छातीत जाऊन बसते आणि उठायचं नाव घेत नाही. म्हणून पाण्याच्या धारेखाली घासायचं, मास्क लावायचा, धूळ ओढणारा पंखा चालू ठेवायचा आणि कपडे इथेच टाकून, अंघोळ करून घरी जायचं. यात काय अवघड आहे सांगा!

"ताई, धारेखाली चमक कळत नाही हो," हे याचं पालुपद. सुटी झाली की हवेची नळी घेऊन गडी एकमेकांच्या अंगावरची धूळ उडवत.

"अहो जावईबापू, ती धूळ जाते कुठे?"

"उडून जाते की!"

कपाळ माझं! वर कारखान्याच्या धुलाईत कॉलर मऊ पडते म्हणून हे आमचे जावईसाहेब कपडे पिशवीत कोंबून घरी न्यायचे. आणि आमची बहीण काय कमी? खिडकीशी उभी राहून ते आधी खडखडून झटकायची, मग भिजवायची. "पाणी फार घाण होतं गं," म्हणायची. उन्हाळ्यापासून ती खोकत होती. जिना चढताना धापा टाकायची, वजन उतरलं होतं. विचारलं की म्हणे, हवा बदलली. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी दोघांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काम मी करतो, हिचं रक्त कशाला?" आरसा कुरकुरला. बाईंनी ऐकलं नाही. दोघांचं रक्त घेतलं, बहिणीच्या छातीच्या तपासण्याही केल्या.

त्याचं रक्त चांगलं निघालं. त्याने हुश्श केलं. "बघा ताई, उगाच बाऊ करता!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "धुळीचा आजार तुमच्या बायकोला झालाय. एखाद्याला सगळी हयात काही होत नाही, एखाद्याला कपड्यांवरची धूळ पुरते. औषधांनी आवर घालू, पण फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत."

मला इतका संताप आला की विचारू नका. तोंड उघडणार, तोच बहिणीने माझा हात दाबला. "ताई, त्यांना बोलू नकोस ना!" आता हिला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळच होते. आरसा कारखान्यात अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आला आणि दाराबाहेरच उभा राहिला.

"या ना आत," बहीण म्हणाली.

"केसांत राहिली असेल. पुन्हा धुऊन येतो."

"अहो, काय हे!" ती उठली, दाराकडे निघाली आणि अर्ध्यात भिंत धरून थांबली. श्वासच पुरेना. तो जागचा हलला नाही. हात मागे घेऊन नुसता रडत होता.

"अहो, बघता काय!" मीच ओरडले. "धरा तिला!"