विहीणबाईंचं गुलाश

आंकेनं आपणहून काहीतरी खायला मागितलं, तेव्हा शांताबाई हातातलं काम टाकून तिच्या खोलीत आल्या.

"काय म्हणालीस, बाळा?"

"गुलाश," आंके उशीवरूनच म्हणाली. "मम्मी करते ना, ते."

शांताबाईंची ही जर्मन सून पोटाच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळली होती. मुलगा उज्ज्वल जर्मनीत पीएचडी करत असताना दोघांचं जमलं, त्याच्याकडून ती मराठी शिकली, लग्न झालं, मग नोकरीसाठी दोघं सिंगापूरला आली. आंकेच्या ऑपरेशनच्या वेळी शांताबाई भुसावळहून पासिर रिसच्या या फ्लॅटमध्ये आल्या. पण ऑपरेशननंही काही साधलं नव्हतं. आता फक्त त्रास कमी करायचा, असं डॉक्टर म्हणाले होते. बरेच दिवस आंकेच्या पोटात पेजेच्या पाण्याशिवाय काही टिकत नव्हतं.

गुलाश म्हणजे बीफचा, मोठ्याच्या मटणाचा दाट रस्सा, हे उज्ज्वलनं सांगितलं आणि चाचरत विचारलं, "आई, तुला चालेल ना करायला?"

"न चालायला काय झालं? लहानपणी आमच्या वस्तीत तेच शिजायचं. रेल्वे कॉलनीत राहायला गेलो, तिथल्या भिंतींना नाकं होती, म्हणून सुटलं."

दुसऱ्या दिवशी उज्ज्वल मटण आणि कांदे आणून देऊन दुपारी कामावर गेला. जाण्याआधी त्यानं फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून व्हिडिओ कॉल लावून दिला. जर्मनीत नुकतंच उजाडत होतं. पडद्यावर आंकेची आई होती. पांढरे आखूड केस, अंगात निळा स्वेटर. ती तिकडे एका वृद्धाश्रमात राहत होती. घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि डॉक्टर विमानात बसू देत नव्हते. तरी ती रोज उज्ज्वलला म्हणायची, मी येते, काहीही करून येते.

"नमस्कार, विहीणबाई," शांताबाई म्हणाल्या.

विहीणबाई जर्मनमध्ये बोलत होत्या, शांताबाई मराठीत, आणि अडत काहीच नव्हतं. मटण जेवढं तेवढाच कांदा, हे विहीणबाईंनी दोन्ही हातांचा तराजू करून दाखवलं. शांताबाईंनी तुपाची बरणी पुढे धरली, तशी त्यांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. कांदा हळूहळू तांबूस होऊ द्यायचा, घाई नाही. मग लाल मिरचीची गोडसर पूड, तमालपत्र, थोडं शहाजिरं. शांताबाईंचा हात सवयीनं आलं-लसणाच्या वाटीकडे गेला आणि विहीणबाई ओरडल्याच, "नाइन! नाइन!"

"बरं बाई, नाही घालत," म्हणत शांताबाई हसल्या. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं.

मटण मंद आचेवर दुपारभर रटरटलं. पुन्हा फोन लावून त्यांनी पातेलं दाखवलं, तेव्हा विहीणबाईंनी जणू वास येतोय असे डोळे मिटले. मग एका वाटीत थोडा रस्सा आणि मऊ झालेला तुकडा कुसकरून घेऊन शांताबाई खोलीत गेल्या.

आंकेला त्यांनी पाठीशी उशी देऊन बसवलं. तिनं वास घेतला. "हो. हाच," ती म्हणाली. अर्धा चमचा तोंडात घेतला. तो तसाच राहिला. गिळायचा प्रयत्न करताना तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेवटी तिनं ते सगळं रुमालात काढलं. मागोमाग कोरड्या उलट्या सुरू झाल्या. शांताबाई तिची पाठ चोळत राहिल्या. पाठीचा एकेक मणका हाताला लागत होता.

"सॉरी, आई."

"असू दे गं. पड तू."

स्वयंपाकघरात फोन चालूच होता. विहीणबाई पडद्याच्या अगदी जवळ येऊन वाट पाहत होत्या. शांताबाई त्यांना दिसणार नाहीत अशा बेतानं बेसिनपाशी उभ्या राहिल्या. वाटीतला रस्सा त्यांनी घाईघाईनं स्वतःच पिऊन टाकला. मग पुढे होऊन रिकामी वाटी फोनसमोर धरली.

विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. कुणाला तरी हाक मारून बोलावलं, त्यांनाही वाटी दाखवली, आणि मग स्वेटरच्या बाहीत तोंड लपवून रडल्या.

संध्याकाळी उज्ज्वलला कळलं तेव्हा तो चिडला. "खोटं कशाला दाखवलंस, आई?"

"मग काय सांगायचं होतं? आणि कुठल्या भाषेत?"

त्यानं स्वतःही फोन करून विहीणबाईंना खरं सांगितलं नाही. त्यानंतर विहीणबाई रोज सांगत गेल्या आणि शांताबाई करत गेल्या. बटाट्याचं सूप, रव्याचे गोळे, पुन्हा गुलाश. रोज वाटी रिकामी दिसे. फ्रीजमध्ये डब्यांवर डबे चढले. विहीणबाईंचा 'मी येते'चा हट्टही थांबला. पोरगी जेवतेय, तर आता हाड जुळलं की माझ्या पायांवर चालतच येईन, असं त्या उज्ज्वलला म्हणाल्या. त्याला सुटल्यासारखं झालं.

आंके एका सकाळी हॉस्पिटलमध्ये वारली. शेवटी ती शुद्धीवर नव्हती.

घरी येऊन उज्ज्वलनं फोन लावला. शांताबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या. तो बोलत असताना विहीणबाई नकारार्थी मान हलवत होत्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं. तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, ती तर जेवत होती."

शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "सांग त्यांना. मी खोटं बोलले म्हणून सांग."

"आई, आत्ता नको."

"सांग म्हणते ना!"

उज्ज्वलनं सांगितलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. उज्ज्वलकडे नाही, शांताबाईंकडे पाहत एकच वाक्य बोलल्या. पडदा काळा झाला.

"काय म्हणाल्या?"

उज्ज्वल उठून खिडकीशी गेला. खाली पोरं सायकली फिरवत होती.

"उज्ज्वल, काय म्हणाल्या रे त्या?"

"म्हणाल्या, ती जेवत नाहीये हे मला कळलं असतं, तर मी स्ट्रेचरवर पडून आले असते."

शांताबाईंनी फोन उचलला, पुन्हा लावून पाहिला. पलीकडे वाजत राहिला, कुणी घेतला नाही. त्यांनी पुन्हा लावला.