बेसिनखालची तिरपी फळी

ऐका मित्रांनो, मधी बोलू नका, नुसतं ऐका! मी एक जुनी फळी हाय. उस्मानपुऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात, बाथरूमच्या बेसिनखाली राहते. बिडकीनला मला कापलं, वरून पांढरा सनमायका डकवला. फिटर काकासाहेबांनी मला बसवलं. सरळ नाय, तिरपं! का, तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचे गुडघे बेसिनखाली मावावेत, अन् मागं गिझरची गरम नळी हाय ना, तिचा चटका पायाला बसू नये. "लई झकास बसली," म्हणत त्यांनी मला थोपटलं. मी किती फुगले सांगू!

पर मग मला कोण बघतंय? जो येतो तो आरशात बघतो.

परवा साखरपुडा होता. साफसफाईच्या आशाबाईंना एकच घोर, शुभकार्याला झाडू व्याह्यांच्या नजरेस पडाया नको. त्यांनी स्क्रू काढून मला बाजूला केलं, झाडू आत आडवा सारला. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "आशाबाई, पाहुणे आले!" झालं! मला भिंतीला टेकवून त्या पळाल्या.

जेवण पुरणपोळीचं. तुपाचे हात धुवायला गरम पाणी सारखं चालू, नळी नुसती रसरसलेली. अन् आली कोण? नवरीची आई बानाबाई, चाकाच्या खुर्चीवर. शेरडांसाठी लिंबाचा पाला तोडताना झाडावरनं पडली, तवापासून कमरेखाली जाणीवच नाय. भाजलं तरी तिला कळणार नाय!

खुर्ची आत सरकली. गुडघा नळीला टेकणार... मला ओरडाया तोंड नाय. पडावं, तर कोपरा फुटणार, अन् फुटकी फळी सरळ आचाऱ्याच्या चुलीत!

ओल्या फरशीवर मी बूड घसरू दिलं. धाडकन!

आशाबाई धावत आल्या. उघडी नळी दिसताच त्यांनी खुर्ची मागं खेचली. "अवो ताई, पाय भाजला का वो?"

बानाबाईनं लुगडं वर करून पाय निरखला. "नाय गं माय, काय झालं नाय. पर झाडू इथं लपवलास व्हय? अगं, आमच्या दारातच पडलेला असतो, व्याही कवाच ओलांडून गेलेत!"

दोघी हसत सुटल्या. माझा जीव भांड्यात पडला.

काकासाहेबांनी माझ्या फुटक्या कोपऱ्याला पट्टी मारली, परत तिरपं बसवलं. "आता हिला हात लावाल का, आशाबाई?"

"कानाला खडा, बाबा!"

मित्रांनो, आमच्यासारख्यांना काढलंच, तर आधी परत लावा, मग हाकेला ओ द्या. अन् खरं सांगा, त्या भिंतीला टेकून तुम्ही उभे असता, तर काय केलं असतं?