बांधालगतचे रिंगण

वीतभर बांध म्हणजे आई, आणि आई कोणी विकत नसते, असे गोरक्ष गावात ठणकावून सांगायचा. बांधाच्या आतली बरीचशी जमीन त्याने चाकणच्या एका कंपनीला कधीच विकली होती. उरलेल्या तुकड्यात मुलीसाठी, हर्षालीसाठी, घोडी आली आणि रपेटीचे रिंगणही आखले गेले. राहिले होते फक्त कुंपण. काटेरी तारेने घोडीचे अंग फाटले असते आणि लाकूड परवडत नव्हते.

तेवढ्यात शेजारी शेती करणारा चुलतभाऊ बन्सी बांधावर आला. "दादा, माझ्याकडं जुनं लोखंडी पाईप पडल्यात. फुकट घिऊन जा. मीच रोवून देतो."

फुकट, आणि वर रोवूनही! भाऊबंद फुकटात फक्त तिरडीला खांदा देतो, हे गोरक्षला पक्के ठाऊक होते.

"तूच रोवणार, म्हंजी माझ्या हद्दीत हातभर आत, व्हय?"

"तुला पायजे तिथं रोव, राव! पण आजच रोव."

एवढी घाई ऐकून गोरक्षचा उरलासुरला विश्वासही उडाला. पाईप नाकारून तो बांधावर खाट टाकून बन्सीच्या घराकडे डोळे लावून बसला.

घोडी रोजच्यासारखी त्याच्या पाठीमागून बांध ओलांडून गेली आणि बन्सीची मेथी खाऊन आली.