सूतभर उतार

“माझा एक कुल्ला स्वर्गात आणि एक पाताळात,” आई माझ्या कानाशी पुटपुटली. “घास गिळू की तोल सांभाळू?”

“हळू बोल. वहिनी ऐकेल.”

“ऐकू दे. उद्या तिची पाळी आहे इथं बसायची.”

आम्ही दोघी दादानं नव्यानं केलेल्या बाकावर जेवायला बसलो होतो. बाकाचा एक पाय आखूड होता. मी पुढे वाकले की आई मागे जायची, आई वाकली की मी. एकमेकींना सांगितल्याशिवाय पाणी प्यायची सोय उरली नव्हती. समोरून वहिनीनं बाकाच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, “किती नैसर्गिक झालाय, नाही?”

“खूपच,” मी म्हणाले.

आईनं मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे तिला उत्तर द्यायला नको.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीशेजारी बसला होता. दोन्ही हातांत पेला धरून तो पाणी पीत होता. पेला अर्धाच भरलेला होता. आमच्या घरी हल्ली सगळं अर्धंच भरतात.

दादा सुतार. जन्मभर त्यानं लोकांची दारं, खिडक्या, कपाटं केली. आमच्या बाहेरच्या खोलीत त्यानं लग्नाआधी केलेलं कपाट आहे. त्याचा वरचा खण लोटला की आतल्या हवेनं खालचा खण आपोआप बोटभर बाहेर येतो, इतकं ते चपखल बसलेलं. पाहुणे आले की आई मुद्दाम खण लोटून दाखवायची आणि मग जणू आपणच तो केलाय अशी बसायची.

मग मागच्या वर्षी दादानं एक स्टूल केलं आणि ते डुललं. दादा म्हणाला लाकूड ओलं असणार. आम्ही म्हटलं, ओलंच असणार. पुढच्या फळीला करवतीची रेघ नागमोडी गेली. दादा म्हणाला करवतीची धार गेली. आम्ही म्हटलं, गेलीच. करवतीला धार लावून आणली, चष्मा बदलला, तोही परत बदलला, दमट हवेला नावं ठेवून झाली. त्याच सुमारास वहिनी दात दाखवायला गेली होती. तिथं बाहेर बसल्या बसल्या तिनं एक मासिक वाचलं, आणि न विचारता पिशवीत घालून घरी आणलं. जन्मात तिनं दुसऱ्याची टाचणीसुद्धा उचललेली नाही.

मासिकात लिहिलं होतं, की घर नैसर्गिक वस्तूंनी सजवावं. वाकडं, जुनं, झिजलेलं, तडा गेलेलं, यातच खरं सौंदर्य असतं.

“आजपासून आपलं घर असं,” वहिनीनं जाहीर केलं. आणि त्या डुलत्या स्टुलावर तिनं मातीची कुंडी ठेवली. कुंडी कलली. “वा!” वहिनी म्हणाली.

दादानं स्टुलाकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं, आणि तो हात धुवायला गेला.

त्यानंतर घरातल्या सरळ वस्तू एकेक करून निघाल्या. पडद्याची नळी गेली आणि तिच्या जागी वाळकी फांदी आली. पडदा फांदीच्या गाठीपाशी अडतो, त्यामुळे आमच्याकडे निम्म्या खोलीत कायम दुपार असते. वहिनी कुंभाराकडून कप घेऊन आली, तेही एका बाजूला बसलेले. कुंभार म्हणाला होता, ताई, हे भट्टीत बिघडलेत, फुकट न्या. वहिनीनं पैसे देऊन नेले आणि असेच आणखी मागितले. बिचाऱ्याला चांगले कप बिघडवत बसावं लागलं. चहा मात्र कपात अर्धाच, कारण रिकामी जागा हेही सौंदर्यच. “मग माझ्या सौंदर्यात थोडा चहा ओत,” आई म्हणाली. पण पूर्ण कप दादाच्या हातात गेला की बशी वाजते, हे आईलाही ठाऊक होतं. ती अर्धाच प्यायली.

एका भिंतीचा रंग वहिनीनं स्वतः खरवडून काढला. आरसा आणला तो कडांनी काळा पडलेला. त्यात माझं निम्मंच तोंड दिसतं. या वयात तेवढं पुरतं.

अडचण झाली ती कपाटाची. ते इतकं सरळ होतं की त्याच्या शेजारी बाकीचं सगळं उघडं पडायचं. ते टाकायची हिंमत वहिनीला झाली नाही. तिनं त्यावर गोणपाट टाकलं आणि वर वाळक्या गवताची जुडी ठेवली. आईनं खण लोटून दाखवायचं बंद केलं.

असं वर्ष गेलं. बरं चाललं होतं, म्हणजे कुणी काही बोलत नव्हतं. दादा रोज मागच्या पडवीत काम करायचा. तो काम करत असला की सुखात असायचा. शेजारणीसुद्धा येऊन म्हणायच्या, “काय कलाकुसर आहे हो तुमच्याकडे!” एकीनं तर वाकडं स्टूल मागून नेलं.

मग माझ्या भाचीचा, दादाच्या मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. बाळ झालं की ती काही दिवस इथंच राहणार होती.

“बाबा, पाळणा तूच कर हं,” ती म्हणाली. “विकतचा मला नको.”

दादा फोन ठेवून सरळ पडवीत गेला. वहिनीनं ते मासिक काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. पाळण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

पाळणा झाला तेव्हा दादानं तो बाहेरच्या खोलीत आणून मांडला. दोन बाजूंना दोन खांब, मध्ये टांगलेली पेटी. दिसायला गोड होता. आम्ही तसं म्हटलंही. दादा म्हणाला, “आधी वजन घालून बघू,” आणि स्वयंपाकघरातून भोपळा घेऊन आला. चांगला, बाळाएवढा.

भोपळा मधोमध ठेवला. तो हळूच डाव्या कोपऱ्यात गेला. दादानं परत मधे ठेवला. परत डावा कोपरा. तिसऱ्यांदा दादानं पाळण्याला बोटानं झोका दिला. पेटी कलली, भोपळा कठड्यावरून गेला आणि फरशीवर आपटला.



“भोपळा गोल असतो,” मी म्हणाले.

“बाळ इतकं गोल नसतं,” वहिनी म्हणाली.

“भोपळ्याला मान नसते,” आई म्हणाली. ती काय म्हणत होती ते आम्हा सगळ्यांना कळलं. मी भोपळा उचलला. त्याला एका बाजूनं चीर गेली होती.

दादानं वाकून फरशीवरून तळहात फिरवला. “जमीन बसलीये,” तो म्हणाला. “म्हणून सगळं डुलतंय. मला आधीच कळायला हवं होतं. गवंड्याला बोलावतो.”

“बसलीच असेल,” आम्ही म्हटलं.

गवंडी दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दादाच्या जुन्या कामांवरचा सोबती. वहिनीनं त्याला दारातच गाठलं. मी चपला नीट लावायचं निमित्त करून शेजारी उभी होते.

“भाऊजी, जमिनीला उतार आलाय असं म्हणा.”

“वहिनी, ही जमीन मी घातलीये.”

“माहितीये. तरी म्हणा. दोन सूत.”

“दोन सूत?” गवंड्याचा आवाज चढला. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. कारागीर माणूस एवढ्यावरूनही भांडतो. “अहो, माझं नाव जाईल गावात!”

“इथं गाव कुठाय? आम्हीच आहोत.”

त्यानं आत पाहिलं. फांदीवर अडकलेला पडदा, बाक, बाकावर कललेली आई, सगळं बघितलं. मग पायातून चपला काढल्या. “एक सूत म्हणतो. त्याच्या पुढं नाही.”

आत दादानं कपाटावरचं गोणपाट बाजूला सारलं आणि वरच्या खणातून पाणसळ काढली. लाकडी पट्टी, मध्ये काचेची नळी, नळीत पाणी आणि पट्टी सरळ असली की मधोमध थांबणारा बुडबुडा. खण लोटला तसा खालचा खण बोटभर बाहेर आला. बऱ्याच दिवसांनी आला. दादानं तो पायानं हळूच आत सारला.

गवंड्यानं पाणसळ फरशीवर ठेवली. बुडबुडा डुगडुगला आणि मधोमध जाऊन उभा राहिला.

“सूतभर उतार आहे,” गवंडी छताकडे बघत म्हणाला.

दादा खाली वाकला. त्यानं बुडबुडा पाहिला. पाणसळ उचलून पाळण्याजवळ ठेवली, तिथं पाहिला. भिंतीशी ठेवली, तिथं पाहिला. मग पाणसळ हातात घेऊन तो उभा राहिला, आणि काचेतला बुडबुडा या टोकाहून त्या टोकाला धावायला लागला. सगळ्यांना दिसत होतं. आईनं पदर तोंडाशी नेला. गवंडी अजून छतच बघत होता.

“धर,” दादा वहिनीला म्हणाला.

वहिनीनं पाणसळ दोन्ही हातांत घेतली. बुडबुडा थांबला.

“काय दिसतंय?”

“हे बघा,” वहिनी म्हणाली, “प्रत्येक वस्तूचं आपलं आपलं एक सौंदर्य...” एवढं म्हणून ती अडली. बाकावर मी चिरलेला भोपळा ठेवला होता. त्याच्याकडे तिची नजर गेली.

“खरं सांग.”

वहिनीनं पाणसळ पाळण्याच्या कठड्यावर टेकवली.

“जमीन सरळ आहे,” ती म्हणाली. “लाकूडही ओलं नव्हतं. तुमचा हात हलतो हो.”