अडेलतट्टू खण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे आणि मी अडतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझा विषय निघाला की लोक सुरुवात तिथूनच करतात. "तो अडतो तोच ना?" हो, तोच. मला त्याची लाज वाटत नाही.

वाचनालयासाठी साठ खणांचं एक कपाट करायचं होतं. खणांत कार्डं राहणार होती. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, त्यावर पुस्तकाचं नाव आणि ते कुठल्या फळीवर आहे त्याचा आकडा. सुताराने एकोणसाठ खण अगदी मापात केले. माझ्या वेळी त्याला जेवायची घाई झाली असावी, कारण मी केसभर रुंद झालो. "वापरून वापरून बसेल जागेवर," असं म्हणून त्याने पितळी मूठ ठोकली आणि तो मोकळा झाला. चाळीस वर्षं झाली, मी अजून बसलेलो नाही.

वाचकांनी मला हिसके दिले, बुक्के मारले. एका पैलवान गृहस्थांनी तर कपाटाला पाय लावून मला ओढलं आणि स्वतःच मागच्या खुर्चीवर जाऊन आदळले. मात्र माझ्या पोटातलं एकही कार्ड कधी हरवलं नाही. ग्रंथपाल बाई तेव्हा नोकरीत नव्या होत्या. त्या म्हणायच्या, "बाकीच्या खणांत लोक कार्डांची उलथापालथ करतात. याच्यातली जागच्या जागी असतात." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे.

पुढे संगणक आला आणि कार्डं रद्दी झाली. माझे भाऊबंद एकेक करून बाहेर निघाले. कुणी बियाणं ठेवायला नेला, कुणी स्क्रू ठेवायला. मला काढायला दोन माणसं आली, घामाघूम झाली आणि नाद सोडून निघून गेली. मी अडलो म्हणून उरलो, मित्रांनो. एकोणसाठ भोकं आणि एक खण असं ते कपाट वाचनकक्षाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलं. पुढची कित्येक वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग वाचनालयात दर शनिवारी दुपारी एक वाचनगट जमू लागला. एक गाजलेली, विटेएवढी जाड कादंबरी सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायची आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनाला संपवायची, असं ठरलं. गटात पाच जण होते. एक नर्स, एक घड्याळं दुरुस्त करणारे काका, एक बसचालक, कोपऱ्यावर लॉन्ड्री चालवणाऱ्या मावशी आणि गटाचे प्रमुख म्हणून एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी ती कादंबरी तीस वर्षं वर्गात शिकवली होती.

ग्रंथपाल बाईंनी एक नियम घातला. पहिली दहा पानं झाली की जे वाटलं ते प्रत्येकाने जुन्या कार्डाच्या कोऱ्या पाठीवर लिहायचं, खाली आपलं नाव घालायचं आणि ती चिठ्ठी माझ्यात टाकायची. कादंबरी संपली की वर्धापनदिनाच्या पाहुण्यांसमोर चिठ्ठ्या उघडायच्या. इतक्या वर्षांनी मला काम मिळालं! पण बाई ओढतायत, मी हलेना. मावशी पुढे झाल्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, डाव्या अंगाने मला जरासं उचललं आणि मी सुळकन बाहेर आलो. "ओढून काय होतंय," त्या म्हणाल्या, "कुठे अडतोय ते बघावं."

चिठ्ठ्या पडल्या. शेवटी मावशी आपली चिठ्ठी टाकणार, तेवढ्यात सरांनी सहज विचारलं, "काय लिहिलंत?"

"त्यात लपवायचं काय?" म्हणत मावशींनी वाचून दाखवलं. "हा माणूस तीन दिवस चिखलातून चालत आलो म्हणतो आणि सदरा पांढराशुभ्र. एक तर हा खोटं बोलतोय, नाहीतर लेखक. मला यांचा भरवसा वाटत नाही."

बसचालक फिस्सकन हसला. सरांचा चेहरा उतरला. "मावशी, अहो ही अजरामर कृती आहे. तो पांढरा रंग म्हणजे त्याच्या मनाची शुद्धता."

"मनाचं मला माहीत नाही सर. सदऱ्याचं माहीत आहे. असला चिखल तीन पाण्यांत निघत नाही."

सरांना ते झोंबलं. पाहुण्यांसमोर हे वाचलं गेलं तर गटाचं हसं होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. "चिठ्ठी बदला," ते म्हणाले, "नाहीतर पुढच्या शनिवारपासून आला नाहीत तरी चालेल." मावशींनी चिठ्ठी माझ्यात टाकली, मला बंद केलं आणि पिशवी उचलून त्या घरी गेल्या.

दोन दिवसांनी त्या एकट्याच आल्या आणि बाईंच्या टेबलाशी बसल्या. "बाई, माझी शाळा सुटली ती सुटलीच. हे पुस्तक मी दोनदा एकटीने घरी नेलं. दोन्ही वेळा पन्नास पानांच्या पुढे गाडी गेली नाही. सगळ्यांबरोबर बसले तर शेवटच्या पानापर्यंत पोहोचेन असं वाटलं होतं. एकदा तरी पोहोचायचंय हो."

"मग बदलून टाका ना चिठ्ठी," बाई हळूच म्हणाल्या. "कार्डाचा तर तुकडा आहे."

मावशींनी नकारार्थी मान हलवली. "आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले मी. डाग नसताना आहे म्हटलं नाही आणि असताना नाही म्हटलं नाही. आता या वयात कशाला सुरू करू?"

ते ऐकून मला काय वाटलं हे कसं सांगू? मी लाकूड आहे, पण माझा सांधान्‌सांधा ताठ झाला. ही चिठ्ठी माझ्या पोटात आहे, म्हटलं. बघू कोण काढतो.

शनिवारी सर अर्धा तास आधीच आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझी मूठ धरली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. ज्या पुस्तकात उभी हयात घातली, त्याला कुणी नावं ठेवलेली त्यांना सोसत नव्हती, एवढंच. पण म्हणून मी सरकणार होतो होय? त्यांनी ओढलं, मी अडलो. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, मी आणखी घट्ट बसलो. तिसऱ्या हिसक्याला पितळी मूठच उखडून त्यांच्या हातात आली. नेमक्या त्याच वेळी दारातून मावशी, नर्स, काका आणि बसचालक आत आले. सर हातात मूठ घेऊन उभे!

मावशींनी पिशवी आपल्या नेहमीच्या खुर्चीवर ठेवली, माझ्याजवळ आल्या, खालच्या कडेत बोटं घालून मला डाव्या अंगाने उचललं आणि उघडलं.

"काढायचीय ना चिठ्ठी? घ्या काढून," त्या म्हणाल्या. "पण मी पुन्हा लिहीन आणि हेच लिहीन. आणि शनिवारी येणार म्हणजे येणार. पुस्तक तुमच्याइतकंच माझंही आहे."

सरांनी चिठ्ठीला हात लावला नाही. मूठ टेबलावर ठेवून ते खाली बसले आणि खाकरून म्हणाले, "पान अकरा. कोण वाचतंय?"

"मी," मावशी म्हणाल्या.

सात महिन्यांनी कादंबरी संपली. शेवटचं पानही मावशींनीच वाचलं. वाचताना त्या दोनदा थांबल्या आणि पदराने डोळे पुसले. मग वर्धापनदिन आला, पाहुणे आले आणि चिठ्ठ्या निघाल्या. नर्सची चिठ्ठी बाईंनी वाचली, "मानवी जीवनाचं विराट दर्शन घडवणारी महाकृती." काकांची उघडली, "मानवी जीवनाचं विराट दर्शन घडवणारी महाकृती." बसचालकाची उघडेपर्यंत लोक हसायला लागले होते. तिघांनीही एकमेकांच्या नकळत पुस्तकाच्या मागच्या कव्हरावरचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं! तिघंही खाली मान घालून बसले.

सरांच्या चिठ्ठीवर नाव होतं, वर काहीच नव्हतं. ते उठून उभे राहिले. "मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला काय वाटलं होतं ते आठवत नाही," ते म्हणाले. "खूप आठवून पाहिलं. वर्गात जे सांगायचो तेवढंच आठवतं."

मग मावशींची चिठ्ठी वाचली गेली. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "मग, तो खोटं बोलत होता का शेवटी?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "तो भला माणूस निघाला. खरंच पायी आला होता."

"म्हणजे तुमचं चुकलं."

"चुकलं कसं? दोघांतला एक म्हटलं होतं मी. तो नाही, तर लेखक." सगळे हसले. हसू ओसरल्यावर त्या पुढे म्हणाल्या, "पुस्तक मला फार आवडलं. शेवटी रडले मी. पण सदरा पांढरा नव्हता."

सर्वांत आधी टाळी सरांनी वाजवली.

काल माझी मूठ बसवायला नवा सुतार आला होता. माझ्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "दोन हात रंधा मारतो. लोण्यासारखा सरकेल." सर तिथेच पेपर वाचत बसले होते. "मुळीच नाही," ते एकदम म्हणाले. "मूठ बसवा आणि जा."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा मेण लावलंत तर उपकार होतील. पण मला तासून गुळगुळीत करू नका, आणि तुमच्यात कुणी माझ्यासारखं अडणारं असेल तर त्यालाही करू नका. मला उघडायचं असेल, तर डाव्या अंगाने जरासं उचला. नुसते हिसके देणार असाल, तर मी अडणारच.